गट नंबर २१७ वरचं आकाश

"दोन्ही सह्या तुमच्याच ना, मॅडम?"

नायब तहसीलदारांनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावीकडचा पंचायतीच्या फायलीतला, भोकं पाडून दोरी ओवलेला. उजवीकडचा एका फोटोच्या पाठीवर चिकटवलेला. फोटोच्या कोपऱ्याला हळदीचा डाग होता. दोन्ही कागदांवर खाली तेच नाव होतं, कुंदा रेणुसे, निवृत्त भूकरमापक.

"माझ्याच," मी म्हणाले.

दाराशी भिंतीला टेकून हौसाबाई उभी होती. माझं उत्तर ऐकून ती माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, बाईनं सही कबूल केली, म्हणजे सुटलो.

त्या हसण्याला चार वर्षं झाली. मला अजून त्याचा राग येतो. राग तिचा नाही.

*

बत्तीस वर्षं मी लोकांच्या जमिनी मोजल्या. चिखलात, उन्हात, भावाभावांच्या शिव्या ऐकत. "बाई काय मोजणार?" असं पहिल्या दिवशी म्हणाले, आणि शेवटच्या दिवशी नारळ देतानाही एक जण तेच म्हणाला. निवृत्त झाले तेव्हा दोन्ही गुडघे गेलेले. मग मी ड्रोन घेतला. छोटा, अडीचशे ग्रॅमच्या आतला, हौसेसाठी उडवायला परवाना न लागणारा. बत्तीस वर्षं जी जमीन मी वाकून बघितली ती एकदा वरून बघायची होती. एवढंच हवं होतं मला. आणि ते कायद्यात बसवून हवं होतं, कारण उभ्या आयुष्यात मी कायद्याबाहेर एक दगड हलवला नव्हता.

उड्डाणांची वही ठेवली होती. त्यातल्या नोंदी देते. जिथे खोडलंय तिथे खोडलंय असं सांगेन.

जागा १. सोसायटीची गच्ची.
फोनमधल्या सरकारी नकाशावर हिरवी, म्हणजे चारशे फुटांच्या आत उडवायला परवानगी लागत नाही. यंत्र उडवलं. चौथ्या मिनिटाला चेअरमन बेंद्रे वर आले.

"काकू, हे बंद करा आधी. आमची मिसेस गच्चीत केस वाळवते."

"मी पलीकडचा ओढा बघतेय हो."

"ओढा बघायला ओढ्यावर जा ना. आणि या वयात हे काय खेळणं? भजनी मंडळ आहे, हास्यक्लब आहे..."

"बेंद्रे, तुमच्या मिसेसनी केस वाळवलेले मला आत्ता तुमच्याकडून कळतंय. तुम्हीच गावभर सांगताय."

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये नोटीस लागली. 'गच्चीवर उडत्या वस्तूंना मनाई.' खाली कुणीतरी पेनानं लिहिलं होतं, 'कबुतरांनाही का?' ते मी लिहिलं नव्हतं. बेंद्रे अजूनही मीच लिहिलं म्हणतात.

जागा २. हायस्कूलचं मैदान, रविवार.
हिरवी. मुख्याध्यापक म्हणाले, वरून पत्र आणा. वरच्यांनी सांगितलं, मुख्याध्यापकांचं पत्र आणा.

जागा ३. नदीकाठ.
हिरवी. मोकळी. सकाळी आठला यंत्र वर नेलं. नदीचं वळण असं दिसलं की मी तोंडात बोट घातलं. कागदावर ते वळण मी कितीदा काढलं असेल, पण इतकं लाडात आलेलं कधी दिसलं नव्हतं. तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला. घाटावर दहावा चालू होता. पिंड ठेवून सगळे दूर उभे, आणि कावळा शिवेना. माझं यंत्र बघून कावळे पार पलीकडच्या काठावर गेले होते.

एक म्हातारी धावत आली. "मेले तुझ्या त्या भुंग्याच्या... आमच्या आबांची काय इच्छा राहिली म्हणून घरदार विचार करतंय! थोरल्यानं सगळ्यांसमोर वाटणीचं कबूल केलं, धाकट्यानं बहिणीला बोलावणार म्हणून शपथ घेतली, आणि कावळा कुठाय? तुझ्या भुंग्याच्या मागं!"

मी यंत्र उतरवलं. कावळा आला, शिवला. आबा सुटले. थोरला मात्र माझ्याकडे असा बघत होता की त्यानं कबूल केलेलं आता मीच भरून द्यावं.

जागा ४. टेकडी.
हिरवी. वर वनखात्याचा माणूस. नाही.

पोलीस ठाणे. (ही जागा नाही, पण वहीत आहे.)

"कसली परवानगी पाहिजे?"

"परवानगी नको. नियमात लागतच नाही. लागत नाही एवढं लिहून द्या."

"लागत नाही तर आलात कशाला?"

"लोक अडवतात म्हणून."

"त्यांना सांगा की लागत नाही."

"सांगते. ते म्हणतात लिहून आणा."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "मॅडम, जे लागत नाही ते मी लिहून कसं देऊ? उद्या कोणी येईल, श्वास घ्यायला परवानगी लागत नाही असं लिहून द्या म्हणेल."

बाहेर येऊन मी स्कूटरच्या सीटवर हात आपटला. नकाशा हिरवा होता, पण तो हिरवेपणा आकाशाचा. खाली जमीन होती, आणि जमिनीवर कोणी ना कोणी कमरेवर हात ठेवून उभं होतं. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की कुठून कुठपर्यंत तुमचं. मला उभं राहायला जागा सापडेना.

जागा ५. मौजे कुसळवाडी, गायरान, गट नंबर २१७.

शहरापासून अकरा किलोमीटर. हिरवी. यंत्र पिशवीतच ठेवून मी आधी पंचायतीत गेले, भांडायच्या तयारीनं. सरपंच निवृत्ती शेळमकर खुर्चीतून उठले.

"तुम्ही मोजणीच्या कुंदाताई ना? आमच्या चुलत्याच्या बांधाची मोजणी तुम्हीच केली होती. अंगठ्याएवढं इकडचं तिकडं होऊ दिलं नव्हतं. चुलता मरेपर्यंत तुम्हाला शिव्या देत होता."

"मग तुम्ही?"

"मी तेव्हाच म्हटलं, या बाईचा कागद म्हणजे कागद." त्यांनी चहा मागवला. "उडवा की गायरानावर. आमच्या गावाचं नाव होईल. फक्त देवदिवाळी होऊ द्या, मग रान मोकळं असतं. गुरं नाहीत, माणसं नाहीत, तुम्हाला कोणी आडवं येणार नाही."

"लेखी द्याल?"

"मागायच्या आधीच देतो."

शिक्का मारलेलं पत्र. तारीख त्यांनी स्वतःच्या हातानं घातली. अटी दोन. गट २१७ च्या हद्दीतच उडवावे, आणि प्रत्येक चित्रीकरणाची एक प्रत कार्यालयात जमा करावी.

अटी बघून मला इतका आनंद झाला! अट घातली म्हणजे मान्य केलं. पत्र मी प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि घरी येईपर्यंत तीनदा थांबून वाचलं.

९ डिसेंबर. पहिलं उड्डाण. तीनशे फूट. वारा मंद. गायरान पिवळं, मधून बैलगाडीची जुनी वाट, रस्त्याच्या कडेनं बाभळी. बाभळींच्या पलीकडे मातीच्या भिंतींचे बुटके चौकोन, वर छप्पर नाही. मी बांधावर प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. ते चौकोन तिथून चारशे पावलांवर. गुडघ्यांनी नको म्हटलं.

प्रतीबरोबर मी एक कागद जोडला. तो कोणी मागितला नव्हता. बत्तीस वर्षांची सवय. नुसतं चित्र दिलं तर कोणी म्हणेल, दुसरीकडे उडवलं. म्हणून तारीख, वेळ, गट नंबर, चारी बाजूंच्या हद्दी, आणि शेवटी जे दिसलं ते. लिहिलं, 'गट मोकळा. पश्चिमेस पडक्या भिंती, वापरात नाहीत. वस्ती नाही.' खाली सही.

ग्रामसेवकानं कागद दोनदा वाचला. आत जाऊन सरपंचांना दाखवला. बाहेर येऊन म्हणाला, "साहेब म्हणाले, असाच कागद दर वेळी द्या."

दिला. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, दर रविवारी. 'वरीलप्रमाणे.' सही.

आयुष्यातले सगळ्यात सुखाचे रविवार ते. नको, हे वाक्य राहू दे, खोडत नाही.

१० मार्च. स्कूटर लावतानाच घणाचा आवाज ऐकू आला. बाभळींच्या पलीकडे धूर. त्या चौकोनांवर पत्रे चढलेले, पत्र्यांवर दगड, दोरीवर लुगडी. एक बाई, साठीची तरी, दोन्ही हातांनी घण उचलून ऐरणीवरच्या लाल लोखंडावर घालत होती. समोर तिचा लेक सांडशीत लोखंड धरून बसला होता. तिचा एकही घाव चुकत नव्हता.

या वेळी मी चालत गेले. गुडघे कुरकुरले, पण गेले.

"तुम्ही नवे आलात का इथे?"

तिनं घण टेकवला. "नवे? या पोराची वरात इथनं निघाली, बाई. त्याच्या बापाला इथंच लाकडं दिली. वीस वर्षं झाली."

"पण डिसेंबरात तर इथे कोणी..."

"हिवाळ्यात आम्ही भाता न् ऐरण घेऊन गावं फिरतो. इळे, कुऱ्हाडी, खुरपी करायची कामं. होळीला परत."

"आणि घरांवर छप्पर नव्हतं."

"पत्रे संगं नेतो. हितं ठेवले तर येईस्तवर राहतील का? एकदा ठेवले होते. गावानंच नेले." ती हसली. "भिंत कोण नेतंय? ती थांबते आपली."

मी तिच्या पायांशी बघितलं. ऐरण एका बाभळीच्या खोडात बसवलेली होती. खोड जमिनीत गाडलेलं, वरून काळं, तुळतुळीत.

"हे पण नेता?"

"ह्याला कोण उपटतंय! ऐरण काढायची न् जायचं. आलं की ह्याच्यावर बसवायची. हे हाललं नाही म्हणजे घर हाय." मग तिनं माझ्या पिशवीकडे बोट केलं. "ते काय हाय?"

यंत्र वर नेलं. पडद्यावर चौदा पत्रे चमकले. हौसाबाई सोळंकी, ते तिचं नाव, पडद्यावर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"हे माझं?"

"हो. तो धूर तुमच्या भट्टीचा."

"वरनं देवाला असं दिसत आसंल." मग एकदम, "ह्याला उडायला परवानगी लागती?"

"लागते. म्हणजे लागत नाही, पण लागते."

"आम्हाला बसायला लागती, तुम्हाला उडायला लागती. सरकारला सारंच लागतंय. आमच्याकडं मात्र कागुद न्हाई बघा एक पण. गावानं बसा म्हटलं, बसलो."

पुढच्या रविवारी मी तिला तो फोटो मोठा करून दिला. पाठीवर माझा कागद चिकटवला. १० मार्च, गट नंबर, हद्दी, 'पश्चिमेस चौदा घरे, वस्ती आहे.' सही. म्हटलं, "असू द्या. कागद असावा माणसाजवळ." तिनं त्याला हळदीकुंकू लावलं आणि आत पत्र्याच्या पेटीत ठेवला.

*(इथे वहीत तीन ओळी खोडल्या आहेत.)*

*

मे महिन्यात सुनावणीची नोटीस आली. कुसळवाडीच्या गायरानावर, रस्त्याच्या कडेला, पंचायतीला दुकानाचे गाळे बांधायचे होते. वस्ती मध्ये येत होती. वस्तीवाले म्हणत, आम्ही वीस वर्षं आहोत, जुनी घरं आहेत, आमचा हक्क बघा. पंचायत म्हणत होती, घरं याच सालची आहेत, आत्ता घुसलेत. गावातला एकही माणूस साक्षीला उभा राहिला नाही. राहिले ते माझे कागद.

तर, सुनावणीची ती खोली.

"सह्या माझ्याच," मी म्हणाले. "पण साहेब, पहिला कागद चुकीचा आहे."

"म्हणजे चित्रीकरण खोटं?"

"चित्रीकरण खरं आहे."

"मग?"

"ते लोक फिरतीवर होते. पत्रे सोबत नेतात. भिंती होत्या, मी त्यांना पडक्या म्हटलं."

शेळमकर उठले. आवाज चढवला नाही. "साहेब, मॅडम आमच्या गावच्या नाहीत, कोणाच्या बाजूच्या नाहीत. डिसेंबरात त्यांनी लिहिलं, वस्ती नाही. जानेवारीत, फेब्रुवारीत लिहिलं, वरीलप्रमाणे. मार्चात लिहिलं, चौदा घरं. हा दुसरा कागद आम्ही आणलेला नाही. तो वस्तीवाल्यांनीच पेटीतून काढून आणला. आता आणखी काय पुरावा द्यायचा?"

हौसाबाईचं हसू अजून तोंडावर होतं, पण आता ते तिथे नुसतं राहिलं होतं. ती पुढे आली. "साहेब, ह्या फोटूत माझं घर हाय की. बाईनं काढलंय. सही हाय."

"तेच तर बघतोय, आजी," नायब तहसीलदार म्हणाले. "सही आहे. तारीखही आहे."

तेव्हा मला सगळं एकदम दिसलं. देवदिवाळी होऊ द्या. रान मोकळं असतं. मागायच्या आधीच देतो. असाच कागद दर वेळी द्या. गच्चीवर, शाळेत, नदीवर सगळ्यांनी मला हाकललं होतं, कारण मी काहीतरी बघेन अशी त्यांना भीती होती. या एका माणसानं मला बसायला जागा दिली, कारण त्याला माझे डोळे हवे होते. ते कधी उघडायचे आणि कुठून, हे त्यानं ठरवलं होतं.

"शेळमकर," मी म्हणाले, "तुमच्या घरातला विळा कोणाच्या हातचा आहे?"

"बाजारातला."

"तुमच्या बापानं याच भट्टीवर कुऱ्हाडीला धार लावून घेतली असेल!"

"बाप वारलेत, मॅडम. त्यांना कशाला मध्ये आणता?"

"खोटारड्या माणसा, तू मला तारीख घालून..."

"मॅडम, भाषा सांभाळा," नायब तहसीलदार म्हणाले. मग शांतपणे, आणि तो शांतपणाच मला लागला, "मला एक सांगा. तुम्ही खात्यातल्या. नोंद चुकली तर दुरुस्ती द्यायची असते, हे मी तुम्हाला सांगायला नको. चूक तुम्हाला कधी कळली?"

"दहा मार्चला."

"आज बावीस मे. दुरुस्ती का दिली नाही?"

हौसाबाई माझ्याकडे बघत होती.

"सवड झाली नाही," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं. "जागेवर चला साहेब, मी दाखवते," असं मी तीनदा म्हणाले. ते म्हणाले, "जागा तर तुम्हीच दाखवलीत. इतकी नीट कोणी दाखवली नसती."

बाहेर व्हरांड्यात शेळमकर चप्पल घालत होते. म्हणाले, "रविवारी येताय ना, ताई? तुमची परवानगी चालूच आहे."

*

जूनच्या पहिल्या आठवड्यात जेसीबी आले. चौदा घरांना चाळीस मिनिटं लागली. लोकांनी पत्रे आधीच काढून घेतले होते. सवयीचंच काम. भिंतींनी काही त्रास दिला नाही.

त्रास दिला त्या खोडानं. जेसीबीच्या दातात ते तीनदा आलं, तीनदा निसटलं. चौथ्या वेळी ड्रायव्हरनं भोवतीची सगळी माती उकरली तेव्हा कुठे ते वर आलं. ड्रायव्हर खाली उतरून बघायला गेला. "आयला, हे किती वर्षांपूर्वी गाडलंय?"

पंचायतीची माणसं होती, पोलीस होते.

मी पर्समधून टेप काढली आणि वाकले. तीन फूट दोन इंच जमिनीखाली. खालचं टोक मातीसारखं झालेलं, वाळवीनं खाऊन सोडून दिलेलं. वीस वर्षं तिथे उघड्यावर पडलेला पुरावा, आणि मी त्याच्यावरून चौदा रविवार उडत होते.

हौसाबाई टेम्पोत ऐरण चढवत होती. मी टेप हातात घेऊन तिच्यापुढे उभी राहिले.

"बाई," ती म्हणाली, "तुम्ही जलमभर जमीन मोजली म्हणता."

"हो."

"मग वर कशाला गेलात?"

तिनं फोटो परत दिला नाही. मी मागितलाही नाही. टेम्पो गेला.

*

आता त्या खोडलेल्या तीन ओळी. पेनानं खोडल्या होत्या तरी खाली वाचता येतात. १० मार्चच्या रात्री लिहिल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी खोडल्या.

*'आधीच्या नोंदी चुकीच्या. उद्या पंचायतीत दुरुस्ती द्यावी. पण वस्ती आहे म्हटलं की सुरक्षित अंतराचा प्रश्न येईल, परवानगी काढून घेतील. मग कुठे उडवू?'*

सवड होती. मी रोज दुपारी झोपत होते.

शेळमकरांवर मी चिडले, नायब तहसीलदारांवर चिडले, बेंद्रेंवर तर आजही चिडते. तो सगळा राग खरा आहे. पण तो फिरून फिरून जिथे उतरतो ती जागा या तीन ओळींची आहे.

परवानगी कोणी रद्द केली नव्हती. पावसाळा संपल्यावर मी एकदाच गेले. स्टूल नेलं नाही. यंत्र वर पाठवलं, आणि ते वर असताना गट नंबर २१७ चारी बाजूंनी पायी चालून काढला. दीड तास लागला. गाळ्यांचं काम सुरू झालं नव्हतं. आजही झालेलं नाही. वहीत ती शेवटची नोंद आहे.

गट नंबर २१७, मौजे कुसळवाडी. आकाश हिरवं. वारा मंद. उंची तीनशे फूट. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस ओढा, उत्तरेस शेळमकरांचं रान. पश्चिमेस एक खड्डा, तीन फूट दोन इंच, त्यात पाणी. प्रत्यक्ष चालून पाहिले. वस्ती नाही.

ही नोंद बरोबर आहे.

सही.